पुण्याची बीआरटी आणि बसला वेग येतो कुठून

पुण्यात बीआरटीचा, म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट या बस जलद चालवायच्या व्यवस्थेचा विषय निघाला की दोन मिनिटांत सगळे बसच्या वेगळ्या लेनवर घसरतात. "एवढी अख्खी लेन बसला देऊन टाकली, तिच्यात अर्धा वेळ चिटपाखरू नसतं आणि आम्ही बाजूला एकेका सिग्नलला तीन-तीनदा अडकतो" हे मी रिक्षावाल्यांकडून, ऑफिसमधल्यांकडून, घरातल्यांकडून, सगळीकडून ऐकलंय आणि त्यातला वैताग खरा आहे. पण बीआरटी म्हणजे ती लेन असं आपण धरून बसलोय ना, तिथंच घोळ झालाय. लेन हा त्या व्यवस्थेतला एक भाग आहे आणि खरं सांगायचं तर एकटी लेन फार काही करूही शकत नाही. आपण लेन बांधली, बाकीचं बरंचसं सोडून दिलं आणि आता ते अर्धवट काम बघून "बीआरटी आपल्याकडे चालत नाही" असं म्हणून मोकळे होतोय. मला हे फार लागतं, कारण ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांना ती चालवता येत नाही अशा माणसांना या शहरात बस सोडून दुसरं फारसं काही नाहीये.

तर आधी हे बघू की साधी बस हळू का जाते. आपल्याला वाटतं ट्रॅफिकमुळे, आणि ते अर्धंच खरं आहे. बस स्टॉपवर येते तेव्हा काय होतं ते आठवा. स्टॉपच्या जागेत रिक्षा उभ्या असतात म्हणून बस रस्त्यातच थांबते, लोक फुटपाथवरून उतरून तिच्या दिशेनं धावतात, चढायला एक दार, पायऱ्या उंच, एखादी आजी असेल किंवा कडेवर पोर घेतलेली बाई असेल तर ती आधी पिशवी वर ठेवणार मग दांडी धरून चढणार, वीसेक माणसं अशी आत जाईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट गेलेलं असतं, आणि मग बसला डावीकडून परत मेन ट्रॅफिकमध्ये घुसायचं असतं तर कोणी जागा देत नाही, तोवर पुढचा सिग्नल लाल. पंधरा किलोमीटरच्या रूटवर असे पस्तीस स्टॉप धरा आणि प्रत्येक ठिकाणी फक्त अर्धा मिनिट वाया गेला असं धरा, तरी सतरा-अठरा मिनिटं नुसती स्टॉपवर गेली. यात ट्रॅफिक जॅम मोजलेलाच नाही.

बीआरटी म्हणजे हा जागोजागी जाणारा वेळ एकेक करून वाचवायचा. लेन वेगळी असते कारण मधे कोणी येऊ नये. स्टेशनचा प्लॅटफॉर्म बसच्या फ्लोअरइतकाच उंच असतो कारण पायऱ्या चढायला लागू नयेत, लोकल ट्रेनसारखं सरळ आत पाऊल टाकायचं, व्हीलचेअरसुद्धा सरळ आत. दारं रुंद. तिकीट स्टेशनवरच काढायचं, सिग्नलला बसला आधी सोडायचं, आणि बस इतक्या वारंवार यायला हव्यात की टाइमटेबल बघायची गरजच पडू नये. यातलं काही एक असलं आणि बाकी नसलं तर फायदा फार कमी होतो.

तिकिटाबद्दल थोडं. परदेशात बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर स्वतःच तिकीट देतो त्यामुळे दारातच लाइन लागते, म्हणून तिथं स्टेशनवर तिकीट केलं की प्रचंड वेळ वाचतो. आपल्याकडे कंडक्टर आत फिरून तिकीट देतो म्हणजे तसा दारात वेळ जात नाही, पण गर्दीच्या वेळी कंडक्टर पुढं सरकूच शकत नाही आणि मग कधीकधी तिकिटं पूर्ण व्हावीत म्हणून बस स्टॉपवरच जास्त वेळ उभी राहते. म्हणजे आपल्याकडे खरा फायदा उंच प्लॅटफॉर्म आणि मोठ्या दारांचा जास्त, तिकिटाचा त्या मानानं कमी.

आता एक हिशोब सांगतो, जो मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो कोणी सांगतच नाही. समजा १५ किलोमीटरचा रूट आहे आणि बस सरासरी ताशी १२ किलोमीटरनं जाते, म्हणजे एका बाजूला ७५ मिनिटं. जाऊन येऊन १५०, आणि दोन्ही टोकांना मिळून दहा मिनिटं थांबणं धरलं तर एक फेरी १६० मिनिटांची. दर ५ मिनिटांनी बस द्यायची तर ३२ बस लागतील. तोच रूट बीआरटीत ताशी २० नं झाला तर एका बाजूला ४५ मिनिटं लागतात, जाऊन येऊन थांबण्यासकट १०० मिनिटं, आणि दर ५ मिनिटांना बस द्यायला फक्त २० बस पुरतात. बारा बस वाचल्या! नवीन एकही घेतली नाही, त्याच बस, तेच ड्रायव्हर, तेच कंडक्टर. किंवा त्या ३२ च्या ३२ तिथंच ठेवल्या तर दर ३ मिनिटांनी बस येईल. म्हणजे वेग हा फक्त आतल्या प्रवाशाच्या सोयीचा मुद्दा नाही, जी बस लवकर फेरी मारते ती दिवसात जास्त माणसं नेते, डिझेल किंवा सीएनजी कमी जाळते आणि तिकिटाचे पैसेही जास्त आणते.

आणि आपल्याकडे बसची टंचाई किती आहे ते बघा. केंद्राच्या नगरविकास खात्याच्या मापदंडात शहराला उत्तम दर्जा मिळवायचा असेल तर लाख लोकांमागे ६० बस हव्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या साठ लाखांच्या पुढे आहे, म्हणजे ३६०० तरी बस पाहिजेत, आणि या दोन्ही शहरांत बस चालवणाऱ्या पीएमपीच्या ताफ्यात असतात दोन हजारांच्या आसपास, त्यातल्या काही रोज डेपोत दुरुस्तीला. अशा शहरात बसला जॅममध्ये उभं करून ठेवणं म्हणजे आहेत त्याही बस वाया घालवणं.

बरं, आता त्या रिकाम्या लेनचं. दर मिनिटाला एक बस आणि प्रत्येक बसमध्ये ६० माणसं असं धरलं तर तासाला ३६०० माणसं एका दिशेला जातात. बस ताशी २० नं चाललीये तर दोन बसमधलं अंतर किती? साडेतीनशे मीटरच्या जरा कमी. म्हणजे तुम्ही बाजूच्या लेनमध्ये उभे राहून बघितलं तर बहुतेक वेळ तुम्हाला मोकळा रस्ताच दिसणार. आणि शेजारच्या कारच्या लेनमध्ये, जिथं निम्मा वेळ सिग्नल लाल असतो, तासाला फार तर ९०० गाड्या निघतात, कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला तर साडेतेराशे माणसं. गच्च भरलेली दिसणारी लेन मोकळ्या दिसणाऱ्या लेनच्या निम्मीसुद्धा माणसं नेत नाही. चांगली चाललेली बस लेन अशी मोकळीच दिसणार, ती गच्च दिसायला लागली तर समजायचं काहीतरी बिघडलंय.

पण इथं प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण बीआरटीचे समर्थक ती सहसा टाळतात. पुणं हे कारचं नाही, टू-व्हीलरचं शहर आहे. टू-व्हीलर जागा कमी घेते, एका लेनमधून तासाला दोन हजारांच्या आसपास माणसं ती आरामात नेऊ शकते. म्हणजे कोलंबियातल्या बोगोटासारख्या कारवाल्या शहरात जे गणित सहज जिंकता येतं ते इथं जरा अवघड आहे. इथं बस लेनमध्ये दर पाच मिनिटांनी बस सोडली, तर तासाला बारा बस, सातशे-साडेसातशे माणसं, आणि मग टू-व्हीलरवाला म्हणतो की ही लेन वाया चाललीये तर तो चुकीचं बोलत नाहीये. लेन द्यायची तर तासाला चाळीस-पन्नास बस तरी त्या लेनमधून जायला हव्यात. लेन द्यायची आणि बस द्यायच्या नाहीत, हे करूच नये.

आता लेन रस्त्याच्या मधे का, डाव्या कडेला का नाही, हा प्रश्न बरेचजण विचारतात. डावी कडा म्हणजे पार्किंग, दुकानांचे ट्रक, सोसायट्यांची गेटं, रिक्षा स्टँड, हातगाड्या, डावीकडे वळणाऱ्या गाड्या. तिथं बस लेन आठवडाभर टिकली तरी खूप झालं. मधे यातलं काही नसतं. मग म्हणतात की लोकांना रस्ता क्रॉस करून मधे जावं लागतं. खरंय, पण जरा विचार करा, कडेचा स्टॉप असला तर जाताना स्टॉप तुमच्या बाजूला आणि येताना समोरच्या बाजूला, म्हणजे दिवसात एकदा पूर्ण रस्ता ओलांडताच. मधल्या स्टेशनला जाताना अर्धा आणि येताना अर्धा. बेरीज तीच. फरक एवढाच की आता प्रत्येक प्रवासी प्रत्येक वेळी क्रॉस करणार आणि सगळे एकाच जागी, त्यामुळे तिथलं क्रॉसिंग सुरक्षित असलंच पाहिजे, त्याला पादचारी सिग्नल हवा, रस्त्यावर उंच केलेला पट्टा हवा म्हणजे गाड्या आपोआप स्लो होतील. पुण्यातल्या पहिल्या कॉरिडॉरवर, म्हणजे बीआरटीच्या मार्गावर, याच गोष्टीकडे दुर्लक्ष झालं आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसांचे जीव गेले. लोकांच्या मनात बीआरटीबद्दल जी भीती बसली ती तिथून, आणि त्यासाठी लोकांना दोष देता येत नाही.

मधल्या लेनची खरी अडचण चौकात असते. बस सरळ जातेय आणि तिच्या डावीकडच्या गाडीला उजवीकडे वळायचंय, म्हणजे ती गाडी बसच्या पुढून आडवी जाणार. दोघांना एकाच वेळी हिरवा देता येत नाही, म्हणून सिग्नलला जादा फेज, म्हणजे एक वेगळी हिरव्याची पाळी, घालावी लागते. फेज वाढली की सिग्नलची पूर्ण सायकल, म्हणजे सगळ्यांना एकेकदा हिरवा मिळायला लागणारा वेळ, लांबते, चारही बाजूंचे लोक जास्त वेळ थांबतात आणि बससुद्धा थांबते. यावर उपाय आहे, मोठ्या चौकात उजवं वळण बंद करायचं आणि गाड्यांना थोडं पुढं नेऊन यू-टर्न द्यायचा किंवा आतल्या रस्त्यानं फिरवायचं. हे लोकांना आवडत नाही, पण हे केलं नाही तर चौकातच सगळं अडतं.

दिल्लीत हेच झालं. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. फक्त तेवढाच. चिराग दिल्लीसारख्या चौकात सिग्नलची सायकल लांबत गेली, गाड्यांच्या रांगा लागल्या, टीव्हीवर रोज तेच. कॉरिडॉर बंद करा म्हणून लोक कोर्टात गेले, २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ती याचिका फेटाळली, आणि तरीही २०१५ मध्ये सरकारनं तो काढायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये तोडायला सुरुवात झाली. साडेपाच-सहा किलोमीटरच्या तुकड्यात प्रवाशाचे वाचून वाचणार किती मिनिटं? त्याच्या पुढं आणि मागं बस नेहमीच्या ट्रॅफिकमध्येच. लोकांना फायदा जाणवायच्या आत त्रास जाणवला.

ही कल्पना मुळात ब्राझीलच्या कुरितिबा शहरातली. जैमे लेर्नर नावाचा आर्किटेक्ट तिथं महापौर होता, मेट्रोला पैसे नव्हते, म्हणून १९७४ पासून त्यांनी रस्त्याच्या मधून बसला वेगळी वाट द्यायला सुरुवात केली. पण तिला आजचं रूप यायला वेळ लागला, काचेची नळीसारखी स्टेशनं, आधी तिकीट, सरळ आत पाऊल, हे सगळं १९९१ मध्ये आलं. म्हणजे त्यांनासुद्धा सतरा वर्षं लागली, आणि ती सतरा वर्षं ते जे आहे ते मोडत बसले नाहीत, त्यात भर घालत राहिले.

बोगोटानं त्याच्या पुढची पायरी गाठली. डिसेंबर २००० मध्ये एन्रिके पेनालोसा महापौर असताना ट्रान्समिलेनियो ही तिथली बीआरटी सुरू झाली. एका लेनमध्ये बस किती जाऊ शकतात हे लेनवर नाही, स्टेशनवर ठरतं. एक बस उभी असेल तर मागची थांबणार, म्हणून एका जागेवरून तासाला साठेक बसच निघू शकतात. बोगोटानं स्टेशनपाशी ओव्हरटेक करायला दुसरी लेन दिली, एकेका स्टेशनला अनेक थांबे केले आणि काही बस एक्स्प्रेस केल्या ज्या मधली स्टेशनं सोडून जातात. त्यामुळे गर्दीच्या तासात एका दिशेला चाळीस हजारांच्या पुढं माणसं तिथं जातात, जगातल्या कितीतरी मेट्रो लाइन एवढी माणसं नेत नाहीत. अर्थात तिथंही गर्दी असह्य झालीये आणि आता बोगोटा मेट्रोपण बांधतंय, ते लपवून उपयोग नाही.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण मला चीनमधल्या ग्वांगझूचं वाटतं. २०१० मध्ये तिथं साडेबावीस किलोमीटरचा एकच कॉरिडॉर झाला आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे बसचे रूट त्यातून जायला लागले. बस आपल्या भागातून साध्या रस्त्यानं येते, कॉरिडॉरमध्ये शिरते, भराभर पुढं जाते आणि परत बाहेर पडून दुसऱ्या भागात जाते. प्रवाशाला बस बदलावी लागत नाही. याला ओपन सिस्टिम म्हणतात. उलट क्लोज्ड सिस्टिममध्ये कॉरिडॉरच्या बस कॉरिडॉरमध्येच राहतात आणि तुम्हाला घरापासून तिथपर्यंत दुसऱ्या बसनं यावं लागतं. अहमदाबादची बीआरटी, जनमार्ग, सुरुवातीला अशी क्लोज्ड होती. पुण्याला ओपनच बरी, कारण पीएमपीचे बरेच रूट मनपा, स्वारगेट, पुणे स्टेशन, हडपसर, निगडी अशा काही ठिकाणीच एकत्र येतात. पण ओपनमध्ये एक धोका असतो, बस बाहेरच्या ट्रॅफिकमधून येताना उशिराची होऊन येते आणि मग दोन-तीन बस एकामागोमाग एकत्र येतात.

हे बस एकत्र येणं आपण रोज बघतो आणि ड्रायव्हरला नावं ठेवतो, पण त्यात त्याची चूक फारच कमी असते. एक बस दोन मिनिटं लेट झाली की स्टॉपवर जास्त लोक जमतात, ते चढायला जास्त वेळ लागतो, ती अजून लेट होते, मागच्या बसला मात्र कमी लोक मिळतात म्हणून ती लवकर लवकर येते आणि पुढचीला गाठते. मग अर्धा तास काही नाही आणि एकदम तीन, पहिली खचाखच आणि तिसरी रिकामी. नुकसान किती ते बघा, तासाला सहा बस सारख्या अंतरानं आल्या तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं, त्याच सहा बस जोड्यांनी आल्या तर दहा. बस तेवढ्याच, थांबणं दुप्पट. म्हणून कंट्रोल रूममध्ये बसून कोणीतरी मागच्या बसला एखादा मिनिट थांबवणं, पुढच्या लेट झालेलीला एखादं स्टेशन सोडून पुढं पाठवणं, हे काम लेन बांधण्याइतकंच महत्त्वाचं आहे, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

अहमदाबादनं ऑक्टोबर २००९ मध्ये पिराणा ते आरटीओ हा साडेबारा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू केला, तेव्हा स्टेशन मधोमध, बसची दारं उजवीकडे, प्लॅटफॉर्म बसच्या फ्लोअरच्या उंचीला, तिकीट स्टेशनवर, आणि बस चालवायला वेगळी कंपनी, हे सगळं पहिल्या दिवशी तयार होतं. लोकांना आधी चढून बघायला काही दिवस फुकट फेऱ्या दिल्या. पुण्यानं त्यांच्या जवळजवळ तीन वर्षं आधी, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा साधारण साडेसोळा किलोमीटरचा देशातला पहिला कॉरिडॉर सुरू केला होता. पण बस नेहमीच्याच, डाव्या दाराच्या, पायऱ्यांच्या. काही ठिकाणी लेन होती, काही ठिकाणी नव्हती, आणि जिथं रस्ता अरुंद आणि गर्दी जास्त, म्हणजे जिथं बसला लेनची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिथंच ती संपायची.

दुसऱ्या खेपेला, २०१५ मध्ये, काम बरंच सुधारलं. ऑगस्टमध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी, मग पिंपरी-चिंचवडकडे सांगवी-किवळे आणि नाशिक फाटा-वाकड, पुढच्या वर्षी नगर रोड, याला रेनबो बीआरटी म्हणायचे. स्टेशनं मधे आली, उजव्या दाराच्या बस आल्या. पिंपरी-चिंचवडला एक मोठा फायदा होता, तिथले हे रस्ते आधीच ४५ मीटर रुंद आणि जुना मुंबई-पुणे रस्ता तर ६१ मीटर. जागा असली की लेनवरून भांडण कमी होतं. तरी निगडी-दापोडी मार्ग बांधून तयार असताना सुरक्षेच्या मुद्द्यावरून हायकोर्टात अडकला आणि बस धावायला २०१८ उजाडलं.

पुण्याच्या बाजूला मात्र परत तेच. नगर रोडवर मेट्रोचं काम आलं, लेनचे तुकडे झाले, स्टेशनची ऑटोमॅटिक दारं बऱ्याच ठिकाणी बंद पडली, लेनमध्ये टू-व्हीलर आणि रिक्षा सर्रास घुसायला लागल्या, आणि २०२३ पासून तिथली बीआरटी उखडायला घेतली. भोपाळनं २०२४ मध्ये तेच केलं. कारण एकच दिलं जातं, ट्रॅफिक. मोकळी झालेली लेन काही महिने बरी वाटते, मग तिच्यात गाड्या भरतात, कारण नवीन जागा मिळाली की आधी ज्यांनी गाडी काढणं टाळलं होतं तेही काढतात. बस मात्र परत डाव्या कडेला, रिक्षांच्या मागे.

मेट्रो आली ना आता, मग कशाला बीआरटी, असंही म्हणतात. मला मेट्रो हवीच आहे. पण पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा सव्वाएकतीस किलोमीटरला ११,४२० कोटी खर्च धरला होता, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींच्याही पुढं. बीआरटी याच्या दहाव्या हिश्श्यात होते. कोंढवा, सिंहगड रोड, धायरी, वाघोली, चऱ्होली, मोशी, या प्रत्येक ठिकाणी मेट्रो पोचायला किती वर्षं जातील, आणि तोवर तिथली कॉलेजची पोरं, कामाला जाणाऱ्या बायका, हॉस्पिटलला जाणारी म्हातारी माणसं जाणार कशानं? शिवाय मेट्रो स्टेशनपर्यंत जायलाही बसच लागते.

पिंपरी-चिंचवडचे जे कॉरिडॉर अजून शाबूत आहेत तिथं काही महिन्यांत करता येण्यासारखं खूप आहे आणि त्याला नवीन काँक्रीट लागत नाही. लेनच्या तोंडाशी गर्दीच्या वेळी वॉर्डन आणि चलनाचे कॅमेरे, चौकांत बस येताना हिरवा लांबवणारे सिग्नल, प्रत्येक स्टेशनला पादचारी सिग्नल, दारं आणि दिवे दुरुस्त, आणि सगळ्यात आधी जास्त बस. महापालिकेकडे किंवा पीएमपीकडे मागायचीच असेल तर एकच माहिती मागा, या लेनमधून सकाळी नऊ ते दहा किती बस जातात आणि त्यांचा सरासरी वेग किती. बसचा आकडा तासाला पंधरा असेल तर तिथं बस वाढवायला सांगा, आणि चाळीस असेल तर ती लेन उखडू देऊ नका.